सिमेंटचा पत्रा उतरवताना: सांगली, मिरज, कुपवाडच्या शेडवर नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या तीस-चाळीस वर्षे जुन्या शेडमध्ये उभे राहून वर पाहिले की धुराने काळवंडलेला, लाटालाटांचा राखाडी पत्रा दिसतो. गुऱ्हाळावर तोच, तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडवर तोच, विट्याच्या यंत्रमागांवर आणि सांगलीतल्या हळदीच्या गोदामांवरही तोच. सगळे त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात. नाव चुकीचे नाही, कारण त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिमेंट, राख आणि थोडा लगदाच असतो. उरलेले आठ-दहा टक्के मात्र ॲस्बेस्टॉस, म्हणजे खनिजाचे बारीक तंतू असतात, त्यातले बहुतेक पांढरे, म्हणजे क्रायसोटाइल. कागदाइतक्या पातळ थरांचे सहा मिलिमीटरचे तावदान माणूस उचलू शकतो, वाऱ्यात टिकते आणि आगीत जळत नाही, ते या तंतूंमुळे. सळईमुळे स्लॅबला जो ताण सोसता येतो, तोच इथे तंतूंमुळे सोसता येतो.

छपरावर शाबूत बसलेला पत्रा सहसा कोणाचे काही बिघडवत नाही. तंतू सिमेंटमध्ये गच्च धरलेले असतात. पत्रा कापला, फोडला, घासला, झाडला किंवा उंचावरून टाकला की ते सुटतात. म्हणून या कामातले जवळपास सगळे कसब एकाच गोष्टीत आहे: धूळ होऊ द्यायची नाही. खालच्या सगळ्या सूचना तिथूनच निघतात.

आधी ओळख पटवा

डोळ्यांनी खात्री होत नाही. रंग दिलेला पत्रा नवा वाटतो, आणि ॲस्बेस्टॉस नसलेला फायबर सिमेंटचा पत्रा चार पावसाळ्यांनंतर अगदी जुन्यासारखा दिसतो. आधार छापाचा घ्या. पत्र्यावर आयएस (भारतीय मानक) ४५९ असा शिक्का असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा. आयएस १४८७१ असेल तर ॲस्बेस्टॉस नसलेल्या तंतूंचा. छाप पुसला गेला असेल तर ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच काम करा. यात चूक झाली तर फार तर दोन मास्क आणि थोडे प्लास्टिक जास्त लागेल.

खात्री हवीच असेल तर नमुना द्यावा लागतो. आधीच फुटलेल्या कडेवर साबणाचे पाणी मारून ती ओली करा आणि पक्कडीने रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा मोडून घ्या. तो झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर तारीख आणि जागा. मोडलेल्या जागी रंगाचा एक हात मारा. तपासणी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली होते, त्यामुळे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आणि ही तपासणी करणारीच प्रयोगशाळा गाठा. सिमेंटची ताकद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हे होत नाही. भिंग असेल तर मोडलेली कड एकदा पाहा: राखाडी सिमेंटातून पांढुरके, कापसाच्या पेळूसारखे पुंजके बाहेर आलेले दिसतात. तो प्रयोगशाळेचा दाखला म्हणता येत नाही, पण आपण काय हाताळतोय हे एकदा मनात बसते.

मापे पाठ असलेली बरी, कारण हिशोब त्यांवरच चालतो. नेहमीच्या लाटेच्या पत्र्यात दोन लाटांमधले अंतर १४६ मिमी, लाटेची खोली ४८ मिमी, पूर्ण रुंदी १.०५ मीटर आणि शेजारच्या पत्र्यावर चढ देऊन उरणारी रुंदी १.०१ मीटर. लांबी दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंत, पाव-पाव मीटरने वाढत जाणारी. पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या तुळया म्हणजे पर्लिन; त्यांमधले अंतर १.४ मीटरपेक्षा जास्त नसावे आणि वरच्या पत्र्याचा खालच्यावर चढ १५ सेंटिमीटर असावा, हा बसवतानाचा नेम. जुन्या शेडवर तो पाळलेला असेलच असे नाही. पर्लिन लांब-लांब दिसल्या तर पत्रे मधोमध वाकलेले आणि तडकलेले असणार, असे समजून चला.

कारखान्यात पत्र्याशिवाय कुठे?

फाउंड्री, साखर कारखाना, डेअरी, रंगकाम: जिथे वाफ किंवा भट्टी, तिथे जुन्या काळात हा माल गेलेला आहेच. वाफेच्या पाइपच्या फ्लँजमधले, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकत्यांमधले, करडे किंवा लालसर दाबलेले गॅस्केट. बॉयलरच्या दाराला लावलेली पांढरी जाड दोरी. भट्टीच्या दारामागचा पुठ्ठ्यासारखा मिलबोर्ड. ओतकामातले जुने हातमोजे आणि पडदे. जुन्या क्रेनचे ब्रेक लायनर. जुन्या विद्युत पॅनेलमध्ये ठिणगी अडवणाऱ्या पाट्या. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जुन्या पाइपवरचे लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, कापडाखाली पांढऱ्या प्लास्टरसारखे लिंपलेले.

यात एक फरक नीट समजून घ्या. पत्रा आणि गॅस्केट यांत तंतू बांधलेले असतात, ते काळजीने हाताळता येतात. लॅगिंग आणि जुनी दोरी बोटांनी चोळली तरी चुरा होते, आणि जुन्या लॅगिंगमध्ये पांढऱ्याऐवजी तपकिरी ॲस्बेस्टॉसही सापडते, ते जास्त घातक. त्यामुळे लॅगिंगला हा लेख वाचून हात लावायचा नाही. फाटलेल्या जागी ओले कापड गुंडाळा, त्यावर प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा, भोवती दोरी बांधा आणि हे काम करणारी प्रशिक्षित टोळी बोलवा. साखर कारखान्यात ऑफ सीझनच्या घाईत ‘एवढा तुकडा काढून टाक’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याला नाही म्हणता आले पाहिजे.

धोका दोन प्रकारचा

पहिला धोका तंतूंचा नाही, पडण्याचा आहे. सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो. नवा असताना एखादे वेळी पेलतो, पण वीस वर्षांनी ठिसूळ झाल्यावर आवाजही न करता फुटतो. पंधरा-वीस फुटांवरून कोब्यावर पडलेला माणूस फुप्फुसाच्या आजारापर्यंत पोचतच नाही.

दुसरा धोका सावकाश येतो. ॲस्बेस्टॉसचा तंतू आडवा तुटत नाही, उभा चिरत जातो आणि केसापेक्षा कितीतरी बारीक होतो. पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यांपर्यंत जातात. शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशींना ते गिळता येत नाहीत, आणि तिथे वर्षानुवर्षे दाह चालू राहतो. त्यातून फुप्फुस घट्ट होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा मेसोथेलिओमा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. फसवणूक इथेच होते: पत्रा कापला त्या दिवशी साधा खोकलाही येत नाही, मिरचीच्या खाटाने त्यापेक्षा जास्त त्रास होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका बेरजेने नव्हे, त्याहून बराच जास्त वाढतो.

काढायचा की ठेवायचा?

सरसकट सगळे पत्रे उतरवावेत असे आम्ही म्हणत नाही. घाईने आणि फोडून उतरवलेले छप्पर हे शाबूत छपरापेक्षा वाईट. आधी पाहणी करा, तीही खालून किंवा शिडीवरून, पत्र्यावर न चढता.

पत्र्याच्या वरच्या बाजूचा गुळगुळीतपणा गेलाय का, हात लावल्यास पांढरी पूड येते का, पत्रा पर्लिनला धरणाऱ्या हुकांभोवती तारेसारखे तडे आहेत का, कडा पापुद्र्यासारख्या सुटल्यात का, हे बघा. छपराचे पाणी वाहून नेणारी पन्हळ हमखास तपासा. वर्षानुवर्षे पावसाने सिमेंट धुपत असते आणि सुटलेले तंतू पन्हळीतल्या काळ्या गाळात साठतात. तो गाळ वाळल्यावर झाडूने काढणे म्हणजे पत्रा घासण्यासारखेच. पन्हळ पावसाळ्यानंतर, गाळ ओला असतानाच खुरप्याने काढून पिशवीत भरा.

एखाद-दुसरा तडा, हलणारा हुक आणि बाकी पत्रा घट्ट असेल तर दुरुस्ती करून ठेवा. वरून शेवाळ खरवडू नका, प्रेशर वॉशर तर अजिबात नको. तो दाबाने सिमेंट उडवतो आणि तंतूंचा चिखल शेजारच्या अंगणात जातो. पूड येत असेल, पाचातला एखादा पत्रा तडकलेला असेल, किंवा शेडखाली क्रेन-कंपनाचे काम वाढणार असेल, तर उतरवायचे ठरवा.

दिवस आणि वेळ

आमच्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला. पावसाळ्यात पत्रा निसरडा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा कधी उठेल सांगता येत नाही. हुक काढलेला पत्रा त्या वाऱ्यात पतंगासारखा जातो. अंगभर सूट आणि मास्क घालून चाळीस अंशांत माणूस तासाभरात चक्कर येऊन बसतो, आणि मास्क काढतो. साखर कारखान्यांना सुट्टीच उन्हाळ्यात मिळते, तेव्हा तिथे सकाळी साडेसहा ते दहा एवढीच पाळी ठेवा, दर तासाला सावलीत बाहेर आणा, आणि पाणी पिण्याआधी हात-तोंड धुण्याची सोय करा.

सामानाचा हिशोब

उदाहरण घेऊ: ९ मीटर रुंद, १८ मीटर लांब शेड, दोन उतार, प्रत्येक उतार ५.१ मीटर. १८ ला १.०१ ने भागले की १८ रांगा. प्रत्येक रांगेत खाली ३ मीटरचा आणि वर २.२५ मीटरचा पत्रा, मध्ये १५ सेंटिमीटर चढ. एका उताराला ३६, दोन्ही मिळून ७२ पत्रे. पत्र्याचे वजन एका मीटर लांबीला साधारण १३ किलो धरा. म्हणजे मोठा पत्रा ३९ किलो, लहान २९ किलो, सगळे मिळून अडीच टनांच्या घरात. पावसात भिजलेला पत्रा पाणी पितो आणि आणखी जड होतो.

प्लास्टिक ८०० गेजचे, म्हणजे २०० मायक्रॉनचे घ्या. बाजारात ते किलोवर मिळते; एक चौरस मीटर सुमारे १८५ ग्रॅम भरते. शेडच्या आत आणि भोवती तीन मीटर पट्टा अंथरायला ३६० चौरस मीटर, आणि नऊ-नऊ पत्र्यांचे आठ थर दुहेरी गुंडाळायला दीडशे-पावणेदोनशे. एकूण सव्वापाचशे चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे शंभर किलोच्या जवळ. घासाघीस करून पातळ प्लास्टिक आणू नका, पत्र्याची कड ते पहिल्याच वळणावर फाडते.

सहा माणसे, तीन दिवस, दिवसाला दोन सूट या हिशोबाने टाकाऊ सूट ३६ आणि तेवढेच मास्क. मास्क एफएफपी३ (अतिबारीक धूळ अडवणारा दर्जा) किंवा पी३ फिल्टरचा अर्धा मुखवटा. शस्त्रक्रियेचा मास्क, रुमाल, उपरणे यांचा काही उपयोग नाही. बारीक तंतू कापडातून आणि कडेच्या फटीतून सरळ आत जातात. दाढी असेल तर मास्क बसतच नाही, हे माणसाला आदल्या दिवशीच सांगा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे, खालचा मानेवर, नाकाची पट्टी दोन्ही बोटांनी दाबलेली. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांपाशी वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही.

पाण्यासाठी द्राक्षबागेत वापरतात तसा पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी पंप उत्तम, पण नवा घ्या. तणनाशक किंवा औषध मारलेला पंप चालणार नाही, आणि या कामानंतर तो परत बागेत न्यायचा नाही. टाकीत दोन-तीन चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण टाका. साध्या पाण्याचे थेंब पत्र्यावरून घरंगळतात, साबणाचे पाणी आत मुरते. नोझल बारीक धुक्याचे ठेवा, जोराच्या धारेने धूळ बसत नाही, उडते.

याशिवाय ३० इंची बोल्ट कटर, गंजावर मारायचे तेल, चाके असलेला मचाण, अंगभर हार्नेस, खाली बांधायची जाळी, किमान दोन फूट रुंद आणि तीन पर्लिनवर टेकतील अशा लाकडी फळ्या, रुंद चिकटपट्टी आणि चिंध्यांचे पोते.

उतरवण्याच्या पायऱ्या

१. आदल्या दिवशी शेड रिकामी करा. हलवता न येणारी यंत्रे प्लास्टिकने झाका, पंखे आणि ब्लोअर बंद ठेवा. छपराखालची वीजवाहिनी मुख्य स्विचपासून तोडा, कारण आपण तिथे पाणी मारणार आहोत. सगळ्या हुकांच्या नटांवर तेल मारून ठेवा.

२. जमिनीवर प्लास्टिक अंथरा, जाळी बांधा, भोवती चार-पाच मीटरवर दोरी आणि फलक लावा. शेजारच्या गाळ्यातल्यांना आणि चहावाल्यालाही सांगून ठेवा. प्रत्येक शेडवर कोणीतरी ‘जरा बघतो’ म्हणून आत येतोच.

३. काम शक्य तेवढे खालून, मचाणावरून करा. वर जायचेच झाले तर फळ्यांवरून, हार्नेस कैचीला, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला, अडकवून. हुकांच्या ओळीवर पाय ठेवला की खाली पर्लिन आहे, म्हणून चालते, असा समज फार पसरलेला आहे. पाय चार इंच सरकला की संपले. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा धुळीने बाकीच्यांसारखाच राखाडी होतो, आणि तो त्याहून कमकुवत असतो. खालून पाहून त्याच्या जागा आधीच खडूने खुणावून घ्या.

४. पत्र्याची दोन्ही बाजूंनी धुक्यासारखी फवारणी करा, हुकांच्या भोवती जास्त. वरून मारताना फळीवरचा माणूस घसरणार नाही एवढेच.

५. बसवताना ज्या क्रमाने गेले त्याच्या उलट काढा. आधी आढ्याचे तुकडे, मग वरची रांग, मग खालची. आडव्या दिशेने कुठून सुरुवात करायची हे कोणत्या पत्र्याची कड वर आहे त्यावरून ठरते. पावसाचा वारा पश्चिमेकडून येत असल्याने नीट बसवलेल्या शेडवर पत्रे पूर्वेकडून लावत गेलेले असतात, म्हणून काढताना बहुधा पश्चिमेकडून सुरुवात होते. पण डोळ्यांनी पाहूनच ठरवा.

६. हुक खालून कापा. गंजलेला नट वरून पान्याने फिरवायला गेले की तो फिरत नाही, पत्रा मात्र हुकाभोवती तडकतो. ग्राइंडर तर चालूच करू नका. त्याची चकती नटासोबत पत्र्यालाही लागते. हुकाचा वाकडा भाग पर्लिनखाली उघडाच असतो, तिथे बोल्ट कटर लावा, वरचा माणूस नटाला धरून राहील. सुटलेला हुक वर ओढून काढताना भोकावर ओली चिंधी ठेवा.

७. चार पत्र्यांच्या कोपऱ्यावर दोन पत्र्यांचे कोपरे तिरके कापलेले असतात. ती जागा सगळ्यांत नाजूक. तिथे हाताने टेकू द्या, पत्रा सरळ वर उचला, कधीही खालच्या पत्र्यावरून ओढू नका. ओढताना दोन्ही लाटा एकमेकींवर घासतात आणि तिथेच सगळी पूड होते.

८. दोन माणसांनी लांबीच्या दोन टोकांना धरून, पत्रा उभ्या कडेवर ठेवून खाली द्यायचा. आडवा धरलेला पत्रा मधून वाकून फुटतो. दोरीने सोडायचा असेल तर रुंद पट्ट्याचा झोळा करा. खाली फेकणे नाहीच.

९. खाली लाकडी पट्ट्या, त्यावर प्लास्टिकचे दोन थर, त्यावर पत्रे. नऊ पत्रे झाले की ओले करून गुंडाळा, चिकटपट्टी मारा. मोठ्या पत्र्यांचा असा थर साडेतीनशे किलोचा होतो, तो हायड्रा क्रेनने किंवा फोर्कलिफ्टनेच हलवायचा.

१०. शेवटी पर्लिन आणि कैच्या ओल्या फडक्याने पुसा. फडके एकदा पुसले की घडी घालून दुसरी बाजू, मग पिशवीत. बादलीत बुडवून परत वापरायचे नाही. जमिनीवरचे प्लास्टिक फवारून, कडा आत वळवत गुंडाळा. कोरडा झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नाही. साध्या व्हॅक्यूमच्या पिशवीतून तंतू निघून शेडभर फिरतात. एच वर्गाचे हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारे, फिल्टर असलेले यंत्र असेल तरच वापरा.

अशा पद्धतीने सहा माणसांकडून दिवसाला पंचवीस-तीस पत्रे होतात. कोणी एका दिवसात सत्तर उतरवून देतो म्हणाला तर तो ते फोडूनच उतरवणार.

बाहेर पडताना क्रम महत्त्वाचा: आधी बूट पुसा, सूट ओला करून आतली बाजू बाहेर येईल असा उलटा काढत पिशवीत टाका, हातमोजे काढा, तोंड धुवा आणि मास्क सगळ्यांत शेवटी. पुष्कळ जण बाहेर आल्या आल्या आधी मास्क काढतात आणि मग सूट झटकतात; दिवसभराची धूळ त्या अर्ध्या मिनिटात आत जाते. सूट नसेल तर कामाचे कपडे घरी नेऊ नका. ते घरी धुणाऱ्या बायकांना या धुळीचे आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

एखादेच भोक पाडायचे असेल तर

दिवा लावायला, वायर घ्यायला कधी एकच भोक लागते. वेगाचे ड्रिल नको, हाताचे किंवा कमी वेगाचे घ्या. भोकाच्या जागी दाढीचा फोम बोटभर जाड लावा, आणि दुसऱ्या बाजूलाही. ड्रिल फोममधून आत जाते, पूड फोममध्येच अडकते. मग ओल्या फडक्याने फोमसकट उचला. दहा रुपयांची गोष्ट आहे, कोणी करत नाही.

गॅस्केट आणि दोरी

फ्लँज उघडण्याआधी लाइन थंड आणि रिकामी करा. जुने गॅस्केट पूर्ण निघाले तर तसेच उचलून पिशवीत. चिकटले असेल तर साबणाच्या पाण्याने किंवा तेलाने भिजवून दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने, सतत ओले ठेवत काढा. तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर हा इथला खरा शत्रू: एका फ्लँजला दोन मिनिटे वाचतात आणि सगळ्या खात्यावर धूळ बसते. बॉयलरच्या दाराची दोरी खोबणीतच भिजवा, एका टोकापासून अखंड ओढत पिशवीत सोडा, तुकडे करू नका. नव्या जागी ॲरॅमिड तंतूंचे किंवा ग्राफाइटचे गॅस्केट, दोरीसाठी काचतंतू. तापमान आणि दाब पाहूनच माल निवडा. स्टोअरमध्ये पडलेले जुने शीट संपवायचे म्हणून वापरू नका.

पूर आणि वळीव यांच्यानंतर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा नदीकाठची कित्येक शेडे आणि घरे पाण्यात होती. पूर ओसरला की फुटलेले पत्रे गाळात अडकलेले राहतात. ते ओले असतानाच गोळा करणे हा एकच शहाणपणाचा मार्ग. गाळ सुकून वाहने वरून गेली की तेच तुकडे पीठ होतात. मास्क, गमबूट, जाड रबरी मोजे घालून मोठे तुकडे हाताने उचला, लहान फावड्याने, आणि गाळासकट पिशवीत भरा. जेसीबीने ढीग करायचा असेल तर आधी पत्र्याचे तुकडे वेगळे काढा.

आगीचे एक लक्षात ठेवा: पाचट किंवा बगॅसच्या आगीत तापलेला सिमेंटचा पत्रा फटाक्यासारखा फुटतो आणि तुकडे लांब उडतात. अशा शेडजवळ उभे राहून आग विझवायला जाऊ नका, आणि नंतर परिसरातले तुकडे ओले करूनच उचला.

कचरा कुठे जातो, आणि कुठे जाऊ नये

उतरवलेला पत्रा गोठ्यावर टाकायला मागणारे शेजारी असतात, भंगारवाला फुकट न्यायला तयार असतो, आणि फुटलेले तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात किंवा जोत्यात भर म्हणून घालायची जुनी सवय आहे. तिन्ही गोष्टी करायच्या नाहीत. ओढ्यात, नदीकाठी, बांधावर तर नाहीच. जोत्यात भरलेला तुकडा दहा वर्षांनी कोणीतरी परत खोदतो.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसयुक्त अवशेष आणि टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस यांची नोंद आहे. कारखान्याने काम सुरू करण्याआधीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयाला पत्र द्यावे: किती पत्रे, किती टन, कोणत्या तारखेला. राज्यात रांजणगाव, तळोजे, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत. माल कुठे पाठवायचा ते मंडळाकडून लेखी घ्या. वाहतूक परवाना असलेल्या गाडीतूनच, सोबत नमुना १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा नोंदीचा कागद. तो भरून, केंद्राची पोच परत आली की फाइलला लावा. ती पोच आल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल काढू नका, यापेक्षा चांगला उपाय आम्हाला माहीत नाही. माल जाईपर्यंत थर छताखाली, कुलपात, ‘ॲस्बेस्टॉस: फोडू नका’ अशा ठळक मराठी पाटीसह.

माणसांची नोंद

कामाला लावण्याआधी प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची श्वासाची तपासणी करून घ्या. मिरजेत दोन्ही सहज होते. पुढे कधी शंका आली तर तुलनेला हीच पहिली नोंद लागते. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळवायचा व्यावसायिक आजार आहे, पण तो कामामुळे झाला हे दाखवायला कामाचीच नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यातले जे उशिरा येईल तोवर, ठेवायला सांगितले. लहान कंत्राटदाराने एवढे तरी करावे: एक जाड वही, त्यात माणसाचे नाव, तारीख, शेड, किती तास, कोणता मास्क, आणि खाली त्या माणसाची सही. एक प्रत त्यालाच द्या. शेड, मालक आणि कंत्राटदार तिन्ही बदलतात. तीस वर्षांनी डॉक्टरांसमोर बसल्यावर दाखवायला त्याच्याकडे तेवढाच कागद असणार.